वेगळी सोय

वडाळे तलावासमोरच्या छोट्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी बावीस माणसं जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात व्हिएतनामच्या सहलीचा छापील कार्यक्रम होता. प्राजक्ता भोपीच्याही हातात होता. फक्त तिच्या कागदावर सहाव्या आणि सातव्या दिवसांवरून निळ्या पेनाने तिरकी रेघ मारलेली होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वेगळी सोय, विमान.'

तिला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी कागद आपल्याकडे आला. वर नाव बघितलं. तिचंच होतं.

प्राजक्ता छत्तीस वर्षांची. दीड वर्षाची असताना तापात उजवा पाय गेला, तेव्हापासून त्या पायाला कॅलिपर आहे. मांडीपासून टाचेपर्यंत दोन धातूच्या पट्ट्या, गुडघ्यापाशी खटका, आणि खाली त्या पट्ट्यांनाच जोडलेला बूट. डाव्या हातात कुबडी. नेरे गावाहून रोज सकाळी ती मिनीडोर रिक्षाने पनवेलला येते आणि तिथून कंपनीच्या बसने उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात जाते. बोटीतून उतरलेला कुठला माल ट्रकने जाईल, कुठला रेल्वेने, कुठला दोन दिवस थांबेल, हे बघायचं तिचं काम. बारा वर्षं करतेय. यार्डातले ट्रेलरवाले तिला 'मॅडम' म्हणतात आणि तिच्याशी वाद घालायच्या आधी दोनदा विचार करतात.

पुढे कृष्णकांत गुप्ते पडद्यावर चित्रं दाखवत होते. पंचावन्नचे, गोरटेले, घसा बसलेला. पनवेलमधून परदेशी सहली काढायला लागून त्यांना वीस वर्षं झाली होती. हनोई, मग हालाँगची बोट, परत हनोई. सहाव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने ह्वे. ह्वेला एक मुक्काम. आणि मग ज्याच्यासाठी निम्म्या लोकांनी पैसे भरले होते तो प्रवास, ह्वे ते दा नांग, समुद्राच्या कडेने घाट चढणारी आगगाडी. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर तिचं चित्र होतं. खाली निळा समुद्र, वर हिरवा डोंगर, मध्ये वळण घेणारे डबे. प्राजक्ताने ते पान कापून ऑफिसातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

तिने हात वर केला. "सर, माझ्या कागदावर रेघ आहे."

"हो हो, तुमच्याशी मी शेवटी बोलणारच होतो, प्राजक्ताताई." गुप्ते हसले. "तुमची अगदी मस्त सोय केलीय. तुम्ही हनोईहून थेट विमानाने दा नांग. व्हीलचेअर सांगून ठेवलीय. समुद्रावरचं हॉटेल. दोन दिवस निवांत आराम. तिसऱ्या दिवशी आम्ही येतोच."

"मग ह्वे?"

"ह्वेत काय, जुना राजवाडा. पायऱ्याच पायऱ्या."

"आणि घाटातली गाडी?"

"तिचे फोटो, व्हिडिओ सगळं ग्रुपवर येईल ना."

मागून विनायक नावाचे निवृत्त गृहस्थ म्हणाले, "अहो, आराम मिळतोय तर घ्या की. नाहीतर आम्हाला द्या." दोन-चार जण हसले. त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची बायको, सुमती, मात्र हसली नाही. ती वळून प्राजक्ताकडे बघत होती.

प्राजक्ता उभी राहिली. तिला उभं राहायला वेळ लागतो. खटका बसवावा लागतो, कुबडी टेकवावी लागते. तेवढ्यात हॉल शांत झाला.

"सर, मला विचारलं का तुम्ही?"

"त्यात विचारायचं काय? तुमच्याच काळजीने केलं."

"काळजीने पण विचारता येतं."

गुप्त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला. "हे बघा, मी तिथे सात वेळा गेलोय. प्लॅटफॉर्म खाली असतो, डबा वर. उभी शिडी म्हणा. गाडी पाच मिनिटं थांबते. बावीस माणसं, तीसेक बॅगा. तुम्हाला चढायला वेळ लागला आणि निम्मी माणसं खाली राहिली तर मी काय करू?"

ते खोटं बोलत नव्हते, हे तिला कळत होतं. म्हणूनच तिला जास्त राग आला.

"यार्डात रोज दोनशे कंटेनर माझ्या टेबलावरून जातात," ती म्हणाली. "कुठला कसा जाईल ते मी ठरवते. पण मालकाला फोन केल्याशिवाय एकाचाही रस्ता मी बदलत नाही. इथे तर मीच मालक आहे ना माझी?"

"मी तुमची जबाबदारी घेऊ शकत नाही, ताई."

"ती मी दिलीच नव्हती. तिकीट काढायला दिलं होतं."

आता कुणीच हसलं नाही. गुप्त्यांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "मग असं करा. हनोईपर्यंत आमच्याबरोबर, दा नांगहून परत आमच्याबरोबर. मधले दोन दिवस तुमचे तुम्ही बघा. कसं जायचं, कुठे राहायचं, सगळं. फक्त तसं लिहून द्या."

तिने माघार घ्यावी म्हणूनच ते तसं म्हणाले असणार. पण तिने पुढे येऊन टेबलावरचं पेन उचललं, कागद मागितला आणि चार ओळी लिहून दिल्या. खाली सही केली, तारीख घातली.

बाहेर पायऱ्यांवर सुमतीने तिला गाठलं. "अगं, खरंच एकटी जाणार तू?"

"आता जायलाच लागेल, काकू. लिहून दिलंय."

मिनीडोर नेऱ्याच्या रस्त्याला लागली आणि राग हळूहळू उतरला. तेव्हा तिने फोनवर नकाशा उघडला. हनोई ते ह्वे साडेसहाशे-सातशे किलोमीटर आहे. तिथली भाषा येत नाही. आणि ती आजवर एकटी पुण्याच्या पलीकडे गेलेली नव्हती.

घरी हरेशने, तिच्या धाकट्या भावाने, सगळं ऐकलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. तो पिकअप टेम्पो चालवतो, फार्महाउसवाल्यांची झाडं आणि माती पोचवतो. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून आलेला असतो, घरात आवाज चढतो.

"त्या मानसाने विमान दिलं होतं तुला. विमान! लोक मागून घेतात. आणि तू बसने जानार? तिकडं कुठं पडलीस तर कोन उचलनार?"

आई, शकू, ओट्यावर वाल सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. "हिकडं पडते तवा कोन उचलतं? तू तर टेम्पोवर असतोस. आपलीच उठते ना ती."

"आई, हिकडची गोष्ट वेगली. फोन केला की मी येतो."

"पाचवीत व्हती ही," शकू म्हणाली. वाल सोलणं चालूच होतं. "शालेची सहल रायगडाला चालली व्हती. मास्तर घरी आला. बोलला, पोरीला नका पाठवू, तिला जमायचं नाय, तिलाच तरास व्हईल. मी बोलले, बरं. मला तवा काय कलत व्हतं? गाडी ह्याच रस्त्यानं गेली. सगली पोरं गानी म्हनत व्हती. आनि ही हितं, ह्या ओट्यावर बसून गाडीकडं बघत व्हती. रडली पन नाय." तिने शेंगांची टोपली बाजूला केली. "मी एकदा हो बोलले मास्तराला. परत कुनाला नाय बोलनार."

हरेश ताट परत पुढे ओढून जेवायला लागला.

प्राजक्ताला ती सहल आठवत होती. पण आईलाही आठवते, हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. यार्डात एखादा अवघड माल आला की ती करायची, तसंच. एका वहीत वर लिहिलं, 'हनोई ते ह्वे'. विमान तिने पहिल्यांदा खोडलं. भाड्याची गाडी होती, पण तेरा तास एकाच अनोळखी ड्रायव्हरबरोबर, सगळ्यांपासून बाजूला. ते म्हणजे परत तेच झालं असतं. ट्रेन तिला हवी होती. पण त्या तारखेला खालचे बर्थ सगळे गेलेले. वरचे होते. छतालगतच्या बर्थवर चढायचं म्हणजे एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने पाय धरायचा. रोज सकाळ-संध्याकाळ ती ते पान उघडून बघायची. खालचा बर्थ काही सुटला नाही.

राहिली स्लीपर बस. तिच्यात खालची जागा फोनच्या पडद्यावर बोट ठेवून निवडता येत होती. बसवाल्यांना तिने इंग्रजीत विचारलं, पहिली पायरी किती उंच आहे? उत्तर आलं, 'नो प्रॉब्लेम', आणि पुढे हसरा चेहरा. तिने परत विचारलं, इंचात सांगा. परत हसरा चेहरा आला.

ह्वे ते दा नांगच्या गाडीत मात्र जागा होती. नकाशा उघडून तिने समुद्र कुठल्या हाताला येतो ते बघितलं आणि डावीकडची खिडकी घेतली. रेल्वेलाही पायरीची उंची विचारली होती. तिथून तर हसरा चेहराही आला नाही. मग ती इंटरनेटवर लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघायला लागली. अशाच एका व्हिडिओत एक बाई त्याच स्टेशनवर डब्यात चढत होती. प्राजक्ताने चित्र थांबवलं. बाईचा गुडघा आणि पायरी यांचं माप फोनवर पट्टी लावून काढलं. पायरी गुडघ्याच्या जरा खाली येत होती. अंदाजे सोळा इंच.

हरेशच्या पिकअपच्या मागच्या फळीखाली चिरे रचले की सोळा इंचांच्या दोन पायऱ्या होत होत्या. सकाळी तो उठायच्या आत ती अंगणात जायची. पायरीकडे पाठ करायची, बसायचं, खटका सोडायचा, दोन्ही हातांवर भार टाकून अंग वर उचलायचं, मागे सरकायचं. परत तसंच. पहिल्या दिवशी तळहात सोलले. दुसऱ्या दिवशी ती कुशीवर पडली आणि पडल्या पडल्या आभाळाकडे बघत राहिली. आई दारात उभी होती. पुढे आली नाही, आत पण गेली नाही.

चौथ्या दिवशी हरेश दात घासत बाहेर आला. थोडा वेळ बघत राहिला, मग चूळ भरून म्हणाला, "फली धरू नको. साखली धर. फली हलते." एवढं बोलून आत गेला. पण त्या दिवसापासून तो पिकअप अंगणात सपाट जागेवर लावून ठेवायला लागला.

हनोईला सहाव्या दिवशी संध्याकाळी सगळे हॉटेलच्या खाली बॅगा घेऊन उभे होते. गुप्ते तिच्याजवळ आले. आवाज मऊ होता.

"ताई, अजून वेळ आहे. विमानाचं तिकीट आत्ता निघेल. मागचं मी सगळं विसरलो."

"माझी बस साडेसहाला आहे, सर," ती म्हणाली आणि टॅक्सीत बसली.

बस उंच, लाल, आतून जांभळ्या दिव्यांची. पायरीला हात लावून तिने बघितलं. जमण्यासारखी होती. पण दारात कंडक्टर उभा होता, पन्नाशीचा, काटकुळा, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्यांची गुंडाळी. प्रत्येक जण बूट काढून पिशवीत घालत होता आणि अनवाणी आत जात होता. आत सगळीकडे स्वच्छ गालिचा होता. कंडक्टरने एक पिशवी तिच्यापुढे धरली आणि तिच्या बुटांकडे बोट दाखवलं.

तिने डावा बूट काढला. उजव्याकडे बोट दाखवून मान हलवली. त्याने पण मान हलवली. नियम म्हणजे नियम. तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि पट्ट्या दाखवल्या. रांगेतली माणसं वाकून बघायला लागली. कंडक्टरने पट्ट्या बघितल्या, बुटाला लागलेली हनोईची माती बघितली, आणि परत मान हलवली.

फोनवर भाषांतर करायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. ती चक्क मराठीत बोलायला लागली, यार्डात बोलते त्या आवाजात. "हा बूट नाही, दादा, हा पाय आहे. हा काढला तर मी उभी राहत नाही. मग मला उचलून न्या बर्थपर्यंत. न्याल? आणि मी नेऊ देणार नाही, ते वेगळं!"

तोही त्याच्या भाषेत बोलायला लागला, हातवारे करत. पुढून ड्रायव्हरने हॉर्न दिला. मागची माणसं कुजबुजायला लागली. एक क्षण तिला वाटलं, इथून मागे फिरावं, हॉटेल गाठावं. मग ती त्या बसच्या पायरीवरच बसली. आता तिला बाजूला केल्याशिवाय कुणालाच चढता येणार नव्हतं.

बसल्या बसल्या तिने कंडक्टरच्या हातातल्या गुंडाळीतून दोन पिशव्या ओढून घेतल्या. एक बुटावर चढवली, पोटरीपर्यंत ओढली आणि तिचे बंद पट्टीला घट्ट बांधले. दुसरी कुबडीच्या टोकाला गुंडाळली. मग मान वर करून त्याच्याकडे बघितलं. आता काय म्हणणं आहे?

तो वाकून बघायला लागला. बुटाची पिशवी एका ठिकाणी फाटली होती. त्याने आणखी एक काढली, स्वतः तिच्यावरून चढवली, मनगटावरचं रबर काढून वरून लावलं. रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. तो काहीतरी पुटपुटला आणि दारातून बाजूला झाला.

प्लॅस्टिक गालिच्यावर घसरत होतं. बर्थपर्यंतच्या दहा पावलांत ती दोनदा पडता पडता वाचली. आणि बर्थही तिच्या पायासाठी नव्हता. पाय घालायची पेटी इतकी अरुंद की कॅलिपर काढून उशाशी घ्यावा लागला. बस वाटेत दोनदा थांबली, पण अंधारात एवढं सगळं परत घालून उतरायचं, म्हणून ती उतरली नाही आणि उतरायला लागू नये म्हणून पाणीही प्यायली नाही. सकाळी ह्वेला ती खाली उतरली तेव्हा ओठ सुकलेले होते, डोकं दुखत होतं, आणि कमरेतून कळ येत होती.

तिने आईला फोन केला.

"कशी हाय बस?" शकूने विचारलं.

"वाईट. बस घ्यायलाच नको होती. चुकलंच माझं."

"मंग?"

"मग काय, आई? माझं मीच चुकले. आता चहा पिते."

दिवसभर ती सायकलरिक्षातून फिरली. तिथल्या सायकलरिक्षात गिऱ्हाईक पुढे बसतं आणि चालवणारा मागे, त्यामुळे समोर सगळं मोकळं दिसतं. राजवाड्याच्या पायऱ्या खरोखरच खूप होत्या. त्यातल्या काही ती चढली. काही नको वाटल्या, तिथे एका झाडाखाली बसून उसाचा रस प्यायली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीच्या एक तास आधी ह्वे स्टेशनवर होती. प्लॅटफॉर्मवर निळ्या गणवेशातली एक बाई होती. हॉटेलातल्या माणसाकडून व्हिएतनामीत लिहून आणलेली चिठ्ठी प्राजक्ताने तिला दाखवली. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. मी स्वतः चढणार आहे. मला थोडा वेळ द्या. बाईने वाचलं, तिच्या पायाकडे बघितलं, आणि कुठूनसं एक लोखंडी स्टूल आणून डब्यापाशी जिथे दार येतं तिथे ठेवलं.

गाडी आली तेव्हा गुप्त्यांचा ग्रुपही धापा टाकत पोचला. त्यांचाही डबा तोच निघाला. प्राजक्ताने दाराकडे पाठ केली, स्टुलावर बसली, खटका सोडला, दांडे धरले. एक पायरी वर.

"अहो थांबा, थांबा!" गुप्ते बॅग टाकून धावत आले आणि तिच्या काखेत हात घालायला लागले. "मी धरतो, विनायकराव, तुम्ही तिकडून धरा."

"हात लावू नका!"

ती इतक्या जोरात ओरडली की स्टेशनातल्या कबुतरांचा थवा उडाला. गुप्ते जागच्या जागी थांबले.

"सर, तुम्ही दुसऱ्या दारातून सगळ्यांना चढवा. इथे उभं राहू नका."

दुसरी पायरी. तिसरी, शेवटची, व्हिडिओतल्या मापापेक्षा बरीच उंच निघाली. तिने जोर लावला, अंग अर्ध्यावर आलं आणि परत खाली बसलं. पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. घाम डोळ्यात उतरला. वर डब्यात एक म्हातारा प्रवासी उभा होता, तो बघत होता. अडचण कुबडीची होती, ती मनगटात अडकून राहिली होती आणि त्या हाताला दांडा नीट धरता येत नव्हता.

खाली सुमती अजून उभी होती. नवरा हाका मारत होता, तरी ती दुसऱ्या दाराकडे गेली नव्हती.

"काकू, कुबडी धरा. फक्त कुबडी."

सुमतीने कुबडी घेतली आणि एक पाऊल मागे सरकली. प्राजक्ताने दोन्ही हातांनी दांडे धरले, डोळे मिटले आणि अंग वर फेकलं. पाठ डब्याच्या जमिनीला लागली. ती तशीच दोन क्षण पडून राहिली, वर पंख्याकडे बघत, आणि मोठमोठ्याने हसायला लागली. निळ्या गणवेशातल्या बाईने खालून काहीतरी विचारलं. प्राजक्ताने अंगठा वर केला.

गाडीला खोळंबा झाला खरा, पण तो विनायकरावांच्या बॅगेमुळे. तिचा पट्टा दुसऱ्या दाराच्या दांड्यात अडकला होता आणि तीन माणसं तो ओढत होती.

तासाभराने गाडी घाटाला लागली. एका बोगद्यातून बाहेर आली आणि प्राजक्ताच्या खिडकीत एकदम समुद्र आला, खाली, अगदी सरळ खाली, खडकांवर फुटणारा. गाडी इतकी हळू चालली होती की झाडाचं एखादं पान निवडून बघत बसावं. उजवीकडच्या खिडक्यांत नुसता डोंगर होता. ग्रुपमधले सगळे आपापल्या जागा सोडून डावीकडे आले, एकमेकांच्या खांद्यांवरून फोटो काढायला लागले. गुप्तेही आले. तिच्या सीटमागे उभे राहिले.

"ही बाजू कशी मिळाली तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "आम्हाला सगळी पलीकडची आली."

"मागितली," ती म्हणाली.

तिने पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची रिकामी जागा सुमतीला दिली. दा नांग येईपर्यंत दोघी खिडकीला नाक लावून बसल्या.

पनवेलला परतल्यावर तीन आठवड्यांनी गुप्त्यांचा फोन आला. लाइन आळीतल्या त्यांच्या ऑफिसात ती शनिवारी गेली. त्यांनी चहा मागवला आणि फोनवरचा एक फोटो तिच्यापुढे धरला. ग्रुपमधल्या कुणीतरी काढलेला. ती दारातल्या पायरीवर, केस विस्कटलेले, दात आवळलेले, दोन्ही हात दांड्यांवर.

"काय फोटो आहे बघा!" गुप्ते म्हणाले. "नव्या सीझनच्या बॅनरवर लावायचा विचार आहे. वर 'जिद्दीला सलाम', खाली तुमचं नाव. स्टेशनबाहेर मोठा लावू. तुमची परवानगी पाहिजे फक्त."

"नाही."

"अहो, लोकांना प्रेरणा मिळेल."

"लोकांना प्रेरणा मिळेल आणि पुढच्या कुणाला तरी परत समुद्रावरच्या हॉटेलात आराम. तो फोटो काढून टाका, सर. माझ्यासमोर."

गुप्ते क्षणभर घुटमळले. मग त्यांनी फोटो पुसला आणि फोन उलटा ठेवला.

"तुमचा फॉर्म दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी दाखवला. शाकाहारी की मांसाहारी, जैन जेवण, खोलीत सोबत कोण, रक्तगट, साखर, बीपी, सगळं होतं. तिने पेन मागितलं आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'कुठल्या टप्प्याला कसा प्रवास करायचा आहे? तुम्हाला काय लागेल?' आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

"असं प्रत्येकाला विचारत बसलो तर टूर निघायची नाही, ताई."

"सात वेळा काढलीत ना न विचारता? एकदा विचारून काढून बघा."

"बघतो," ते म्हणाले. नक्की हो नव्हतं ते. त्यांनी कागद फाइलमध्ये न ठेवता टेबलावरच्या काचेखाली सरकवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग जरा चाचरत म्हणाले, "सुमतीबाई मागे लागल्यात. पुढच्या वर्षी लाओस करा म्हणतात. थायलंडच्या सीमेवरून लुआंग प्राबांगला नदीतून बोट जाते, दोन दिवस लागतात. बसने एका दिवसात होतं. विनायकराव बस म्हणतायत." त्यांनी मान वर केली. "तुम्ही आलात तर काय घ्याल?"

"धक्क्यावरून बोटीत जायला फळी असते ना? किती रुंद असते?"

"ते काय मला माहीत नाही बुवा."

"मग तिथल्या माणसाला फोन लावा." प्राजक्ताने खुर्ची जवळ ओढली, गुडघ्याचा खटका सोडला आणि ऐसपैस बसली. "आणि इंचात सांगायला सांगा. मला घाई नाही."

गुप्त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फोनमध्ये लाओसच्या एजंटचा नंबर शोधायला लागले.